बडोद्यातल्या मराठी घरात पोरांना वाचनाची गोडी कशी लावायची, तेही शिकवणी न वाटता

आपल्याकडे बडोद्यात मराठी घरातल्या पोरांची गंमत अशी की घरात मराठी, खाली पार्किंगमध्ये खेळताना गुजराती, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी, आणि कधीकधी चारही एकाच वाक्यात. आमचा धाकटा परवा आजीला म्हणतो, "आजी, पेली मगरवाली वार्ता वाच ने." आजीने चष्मा लावला, त्याला मांडीवर घेतलं आणि वाचायला लागली. बस, हेच करायचं असतं. पोरगं स्वतःहून पुस्तक घेऊन आलंय ना, मग वाचायचं, "पेली नाही रे, ती म्हण" हे तेव्हा अजिबात नको. भाषा सुधारायला अख्खा दिवस पडलाय.

हे लिहितेय ते साधारण दीड-दोन ते सात-आठ वर्षांची पोरं असलेल्यांसाठी. त्याहून लहान असेल तरी चालेल, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितलंच होतं की अगदी तान्ह्या वयापासून मोठ्याने वाचून दाखवा. तान्ह्या बाळाला काय वाचताय ते कळत नाही पण आवाज कळतो, आणि तुम्हाला पण सवय होते, जी खरं तर जास्त अवघड आहे.

पहिला प्रश्न सगळे विचारतात, वेळ कुठून काढायचा. झोपताना वाचा असं सांगतात सगळीकडे, पण आपल्याकडे जेवणं साडेनऊला, मग आवराआवर, मग उद्याचे डबे काय ह्याची चर्चा, तोपर्यंत वाचणारा आधी झोपतो आणि पोरं उड्या मारत असतात. त्यापेक्षा दिवसातली अशी वेळ शोधा जेव्हा पोरं तशीही एका जागी असतात. खेळून आली, हातपाय धुतले, कुकर लावलाय आणि जेवायला अवकाश आहे, ही सगळ्यात भारी वेळ. शिट्ट्या होईपर्यंत एक पुस्तक. रोज दहा मिनिटं जमली तरी खूप झालं, रविवारी तासभर वाचून आठवडाभर काहीच नाही ह्याला अर्थ नाही. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही तेव्हा तर पडदे ओढा, पंखा फुल करा, जमिनीवर चटई टाका आणि सगळे आडवे होऊन वाचा, मोठ्यांनी स्वतःचं वाचलं तरी चालतं, पोरं बघतात.

पुस्तकं कुठे ठेवायची हे क्षुल्लक वाटतं पण नाहीये. काचेच्या कपाटात किल्ली लावून ठेवलेली पुस्तकं पोरांसाठी नसतात, पाहुण्यांसाठी असतात. खाली जमिनीवर एक टोपली किंवा भाजीवाल्याकडचा प्लास्टिकचा क्रेट, त्यात पुस्तकं उभी, कव्हर समोर दिसेल अशी, कारण वाचता न येणारं मूल कव्हर बघूनच पुस्तक उचलतं. एका वेळी दहा-बारा पुरेत. बाकीची माळ्यावर टाका आणि महिन्याने अदलाबदल करा, जुनं पुस्तक नवं असल्यासारखं उघडलं जातं. फाटणार, हे धरून चाला. पारदर्शक टेप घरात कायम ठेवा, आणि फाटल्यावर ओरडण्यापेक्षा पोरालाच टेप धरायला लावा. दोन वर्षांच्या आतलं असेल तर जाड पुठ्ठ्याची पानं असलेलीच पुस्तकं द्या, ती चघळायला पण बरी पडतात.

आता प्रत्यक्ष वाचायचं कसं. मगरीचंच उदाहरण घेते कारण आमच्याकडे सध्या दुसरं काही चालत नाही. विश्वामित्री नदीत मगरी आहेतच, आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या रस्त्यावर, सोसायट्यांमध्ये आल्या होत्या, त्यामुळे बडोद्याच्या पोरांना मगरीची गोष्ट म्हणजे शेजारणीची गोष्ट. तर आधी कव्हरवर थांबा. लगेच पान उलटू नका. "ही कुठे बसलीये? पोट भरलंय का हिचं?" असं काहीतरी विचारा आणि गप्प बसा, पोर बोलेपर्यंत थांबा, हे गप्प बसणं आपल्याला जमत नाही. मग वाचताना जे वाक्य परत परत येतं त्याचा शेवटचा शब्द सोडून द्या. "आणि मगर पाण्यात गेली..." एवढं म्हणून त्याच्याकडे बघायचं, तो "डुबुक!" असं ओरडतो आणि त्याला वाटतं आपणच वाचलं. थोड्या दिवसांनी त्या शब्दाखाली बोट ठेवा. रोज नाही, कधीतरी. अक्षरओळख होतेच त्याने, पण तुम्ही ती करून घेताय हे त्याला कळता कामा नये.

बऱ्याच मराठी पुस्तकांची भाषा पोरांना जड जाते, विशेषतः जुन्या. "तो अत्यंत आनंदित जाहला" वगैरे. पहिल्यांदा वाचताना तुमच्या बोलीत सांगा, "त्याला एवढा आनंद झाला ना". दुसऱ्यांदा थोडं पुस्तकातलं, थोडं आपलं. गोष्ट पाठ झाली की छापलंय तसं वाचा, तेव्हा जड शब्द अडत नाहीत कारण पुढे काय होणार हे माहीत असतं. ह्याउलट पानं गाळायचा विचार असेल तर सोडून द्या. सापडता. नेहमी सापडता.

तेच तेच पुस्तक किती वेळा? तो कंटाळेपर्यंत. तुम्ही आधी कंटाळणार हे नक्की, मग आवाज बदला, मगरीला शेजारच्या काकांचा आवाज द्या, नाहीतर त्याला म्हणा आज मगर तू, मी माकड. आणि गोष्ट संपल्यावर "मग ह्यातून आपण काय शिकलो" हे विचारणं कृपा करून बंद करा. तात्पर्य विचारलं की पोरगं पुढच्या वेळी उठून जातं. चार्टवर स्टार चिकटवणं, इतकी पुस्तकं वाचली तर आइस्क्रीम, हे पण मला पटत नाही. मग पोरं पातळ पुस्तकं शोधतात. आणि मोबाईल काढून घेतल्यावर शिक्षा म्हणून हातात पुस्तक देणं तर सगळ्यात वाईट.

दोन पोरं असतील तर खरी सर्कस. मोठीला मोठी गोष्ट पाहिजे, धाकट्याला चित्रं, आणि दोघांना मांडीची एकच बाजू. आमच्याकडे चालतं ते असं: आधी धाकट्याचं, कारण ते छोटं असतं आणि त्याचा धीर कमी, आणि त्यात मोठीने एखादं पात्र वाचायचं. मग मोठीचं, आणि तिच्या पुस्तकाची पानं उलटायचं काम धाकट्याचं. त्याला काम मिळालं की तो बसतो, नाही बसला तर गाडी फिरवत बसू दे शेजारी, कान इकडेच असतात. पण मोठीला रोज "जा, त्याला वाचून दाखव" असं कामाला लावू नका, तिला पण कुणीतरी वाचून दाखवायला हवं असतं. स्वतः वाचता यायला लागलं म्हणून ऐकायचं वय संपत नाही.

लिपीचं टेन्शन बऱ्याच जणांना असतं. शाळेत इंग्रजी किंवा गुजराती, मग देवनागरी कधी शिकणार? गुजराती येणाऱ्या पोराला अर्धी देवनागरी येतेच हो. ग, न, म, त, प, र, स ह्यांच्या डोक्यावर रेघ मारली की झालं जवळजवळ. अडतात ती अ, क, ख, च, ज, झ, फ, ब असली मंडळी, तेवढीच वेगळी दाखवायची. शाळेत हिंदी सुरू झालं की उरलेलं ओळखीचं होतं, मग ते पोर मराठी पण हिंदीसारखं वाचायला लागतं, "चांदणं" मधला च आणि "जाड" मधला ज हिंदीतल्यासारखा. तिथे थांबवू नका. वाक्य संपलं की तेच वाक्य तुम्ही सहज एकदा म्हणा, बरोबर उच्चारात, आणि पुढे जा.

वाचायला पुस्तकच पाहिजे असं पण नाही. मराठी लग्नपत्रिका येतात घरी, त्यात आपलं नाव शोधायला सांगा, "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" हे कोपऱ्यात छापलेलं पोरांना फार आवडतं. गणपतीत आरतीचं पुस्तक हातात द्या. आरती पाठ असते, डोळ्यासमोर तीच अक्षरं असतात, टाळ्यांच्या तालावर बोट सरकत जातं, ह्यापेक्षा सोपं वाचन मी पाहिलं नाही.

आता मुख्य अडचण. पुस्तकं आणायची कुठून? दांडिया बाजार, रावपुरा, वाडीत एवढी मराठी माणसं, पण लहान मुलांची मराठी पुस्तकं दुकानात बघायला गेलात तर हाताशी फारसं काही लागत नाही. पुण्या-मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला यादी द्या, ह्यात लाजायचं नाही, ते आपल्याकडून चेवडा नेतातच. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं मराठीत पण असतात आणि स्वस्त असतात. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर २०१५ पासून आहे, त्यावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, सोप्या ते अवघड अशा चार लेव्हल लावलेल्या, आणि छापून घ्यायची परवानगी पण आहे. म्हणून फोनवर दाखवण्यापेक्षा प्रिंट काढा, मधोमध स्टेपल करा, पहिल्या पानावर पोराचं नाव त्याच्याच हाताने. जरा मोठ्या मुलांसाठी बालभारतीचं "किशोर" मासिक, १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक त्यांच्या साइटवर वाचता येतात, आजोबांना सुद्धा द्या, तेही रमतात.

आणि मांडवीजवळची आपली सेंट्रल लायब्ररी. पोरांना एकदा तरी न्या. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतली ग्रंथालयं पाहिली आणि १९१० मध्ये तिकडून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला इथे बोलावलं, लोखंडी रॅक आणि काचेच्या जमिनी पण तिकडूनच आल्या, वरच्या मजल्यावरचा उजेड खाली पोचावा म्हणून. काचेची जमीन म्हटलं की कुठलंही पोर यायला तयार होतं. सभासद व्हायचे नियम काउंटरवर विचारून घ्या.

पण मला त्या काळातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पेट्या. बडोदा संस्थानात फिरती ग्रंथालयं होती, लाकडी पेटीत पुस्तकं भरून गावोगाव पाठवायची, गावाने वाचायची, मग पेटी पुढे. हेच आपण चार-पाच घरांत करू शकतो आणि करायलाच पाहिजे, कारण प्रत्येक घरात पंधरा-वीसच पुस्तकं असतात आणि ती पडून असतात. करायचं एवढंच: झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा घ्या, प्रत्येक घराने पाच पुस्तकं टाकायची, आवडती राहू देत घरी नाहीतर रडारड होते. आत एक शंभर पानी वही. वहीत यादी, आणि प्रत्येक पोराने वाटेल ते लिहायचं किंवा काढायचं, "बोअर आहे" लिहिलं तरी पुसायचं नाही. डबा एका घरी महिनाभर, मग पुढच्या घरी, आणि तो पोचवायला पोरांनी स्वतः जायचं, आईबाबांनी गाडीतून टाकून यायचं नाही. हरवलं तर पैसे नकोत, बदली दुसरं पुस्तक. वॉट्सअॅप ग्रुप केलात तर त्यावर गुड मॉर्निंग बंद, हा नियम पहिल्याच दिवशी घाला. गुजराती शेजाऱ्यांनी विचारलं तर त्यांनाही घ्या, त्यांची गुजराती पुस्तकं येतील, आपली पोरं ती पण वाचतात.

आजी-आजोबा लांब असतील तर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक त्यांच्याकडे, एक इथे. व्हिडिओ कॉलवर आजी वाचते, पोर इथे पान उलटतं. नुसतं "जेवलास का, शाळा कशी आहे" ह्यापेक्षा कॉल बराच लांबतो.

आणि जे वाचलं ते शहरात शोधा. देवमाशाचं पुस्तक झालं की कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये जा, तिथे निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, सत्तर फुटांहून लांब. पुस्तक बरोबर घेऊन जा, चित्रातली आणि समोरची हाडं जुळवून बघू देत. मोठीने तिथे पुस्तकाचीच चूक काढली, चित्रात बरगड्या कमी आहेत म्हणे, आणि डब्याच्या वहीत तसं लिहून ठेवलंय.

एक राहिलं, डबा पावसाळ्यात सांभाळा. जुलैत सगळं ओलसर होतं आणि पुस्तकांना कसर लागते. कडुनिंबाची वाळवलेली पानं टाका आत, डांबर गोळ्या नकोत, लहान पोरं तोंडात घालतात. ऊन पडलं की पुस्तकं बाहेर काढून तासभर हवेवर ठेवायची, थेट उन्हात नको, रंग उडतात. आणि ज्याच्या घरी गळतं त्याच्याकडे डबा दिवाळीनंतरच पाठवा, वाईट वाटलं तर वाटू दे.