आतड्याच्या कॅन्सरची ट्रायल? आधी ब्लॉक हातात घ्या

एकामागून एक दोन प्रकारची किमो (दोन लाइन) झाली तरी लिव्हरमधल्या गाठी वाढूनच राहिल्या, अन् डॉक्टर म्हणाले आता दोन औषधं जोडून देणारी ट्रायल, म्हणजे पेशंटवर उपचाराची चाचणी, बघा. माझ्या मोठ्या भावाचं हेच झालं, म्हणून सांगतो काय करायचं ते.

पहिले ब्लॉक. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून पॅथॉलॉजीत ठेवतात, काड्यापेटीहून लहान असतो, प्लास्टिकच्या तिरप्या कडेवर नंबर. ऑपरेशन जिथं झालं तिथंच बायोप्सी नंबर घेऊन अर्ज द्या. आम्हाला एका हॉस्पिटलनं नऊ दिवस "उद्या या" म्हणून फिरवलं, ते दिवस पेशंटचे गेले, आमचे नाही. त्या ब्लॉकवरच गाठीच्या जनुकांतल्या खुणा, म्हणजे केरास, एनरास, बीरॅफ, हर-टू, एमएसआय, तपासतात अन् औषधांची कोणती जोडी लागू पडेल ते त्यावरच ठरते. बीरॅफमधे व्ही६००ई नावाचा बदल असला तर एकटं बीरॅफचं औषध फारसं चालत नाही, गाठ ईजीएफआरच्या (पेशीला वाढायचा निरोप देणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाच्या) वाटेनं पुन्हा वाढते, वर्धा रोड अडवला की गाड्या गल्लीतून निघतात तसंच, म्हणून बीरॅफ रोखणाऱ्या एन्कोराफेनिबसोबत ईजीएफआर रोखणारं सेटुक्सिमॅब देऊन दोन्हीकडं नाकाबंदी करतात. एमएसआय-हाय निघालं तर इम्युनोथेरपीचं (शरीराची प्रतिकारशक्ती गाठीवर सोडणाऱ्या औषधांचं) आधी विचारा.

मग सीटीआरआय, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीच्या, साइटवर शोधा, २००९ पासून भारतातली ट्रायल तिथं नोंदवावीच लागते. पेशंट घेणं चालू आहे का, अन् सेंटर कुठं आहे ते बघा. इथं नागपुरात जामठ्याचं एनसीआय (कॅन्सर हॉस्पिटल) किंवा तुकडोजी पुतळ्याजवळचं कॅन्सर हॉस्पिटल, दोन्हीकडं ओपीडीत थेट विचारा.

संमतीचा फॉर्म मराठीत मागा, घरी आणून वाचा. ट्रायलमधे बहुतेकदा पेशंटचे गट पाडतात, म्हणून दुसऱ्या गटाला काय मिळणार हे नक्की विचारा. २०२३ ला छापून आलेल्या सनलाइट ट्रायलमधे ४९२ पेशंट होते, एका गटाला नुसत्या ट्रायफ्लुरिडिन-टिपिरासिल या किमोच्या गोळ्या, दुसऱ्याला त्यासोबत गाठीचा रक्तपुरवठा रोखणारं बेव्हॅसिझुमॅब. निम्मे पेशंट जगले तो काळ ७.५ महिन्यांवरून १०.८ वर गेला. आजार बरा होत नाही यानं, पण ते तीन महिने घरच्यांसाठी लई मोठे असतात, अन् हा आकडा पेशंटलाही खरा खरा सांगा.

जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार, स्कॅन किती आठवड्यांनी, पुन्हा बायोप्सी लागते का, हे लिहून न्या. ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार अन् भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमात आहे. मधातच सोडायचा हक्कही आहे.

काढा, चूर्ण काही चालू असलं तर लपवू नका. आणि थांबू नका बापा, बहुतेक ट्रायल चालत्याफिरत्या पेशंटलाच घेतात, तो स्वतः चालत ओपीडीत जाऊ शकतो तेव्हाच फाइल घेऊन निघा.