तुरुंगातून भरपाईचा दावा: कोर्ट फीचं काय करायचं

इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या केंद्रीय तुरुंगातल्या माणसाला मारहाणीची किंवा बेकायदा डांबल्याची भरपाई मागायची असली, की घरचे आधी विचारतात, "स्टॅम्पला किती लागतील?" त्याआधी ठरवायचं ते हे, की रिट (हक्कभंगाबद्दल थेट उच्च न्यायालयात याचिका) करायची की दिवाणी दावा.

हक्कभंग कागदावरच उघड दिसत असेल, तर उच्च न्यायालयाच्या आपापल्या खंडपीठापुढे संविधानाच्या अनुच्छेद २२६ ची याचिका, म्हणजेच रिट, करावी. तिथे मागितलेल्या रकमेवर फी चढत नाही. निर्दोष सुटूनही १४ वर्षं आत राहिलेल्या रुदल शाह यांना सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये रिटमध्येच भरपाई दिली. साक्षीपुरावे लागणार असतील तर मात्र दिवाणी दावा. त्यात फी मागणीच्या आकड्याबरोबर वाढते, म्हणून आकडा रागाच्या भरात टाकू नये.

कोठडीतल्या कोणालाही विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ खाली मोफत मदत मिळते. उत्पन्नाची अट नाही, पण प्रथमदर्शनी प्रकरणात दम दिसावा लागतो. वकिलाबरोबर कोर्ट फी आणि समन्सचा खर्चही त्यात येतो. अर्ज तुरुंगातल्या विधी सहायता केंद्रातून किंवा अधीक्षकांमार्फत जिल्हा प्राधिकरणाकडे जातो. रिटसाठी उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे. हेल्पलाइन १५१००. वकीलपत्रावर कैद्याच्या सहीखाली तुरुंग अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्या. तो राहिला की कागद परत येतो आणि कैद्याच्या पुढच्या भेटीपर्यंत सगळं अडून बसतं.

हा मार्ग अडला तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३३, म्हणजे नादार (फी भरायची ऐपत नसलेला) म्हणून दावा. अर्जात वादपत्राचा (दाव्याच्या मूळ कागदाचा) सगळा मजकूर आणि मालमत्तेची यादी अंदाजे किमतीसह लागते. अर्ज फसतो तो बहुतेक या यादीत. तुरुंगातल्या मजुरीची शिल्लक, घराबाहेर उभी असलेली स्कूटर, वडिलोपार्जित घरातला हिस्सा, सगळं लिहा. भांडीकुंडी, अंथरूण, अंगावरचे कपडे जप्तीला लागत नाहीत, ती ऐपतीत धरत नाहीत. अर्जाआधीच्या दोन महिन्यांत कपटाने काही दुसऱ्याच्या नावावर केलं असेल तर अर्ज फेटाळला जातो. सरकारी वकिलालाही नोटीस जाते, तेव्हा लपवलेलं निघतंच.

अर्ज खुद्द अर्जदाराने हजर राहून द्यायचा असतो. कैद्याला ते जमत नाही, म्हणून हजेरीतून सूट मागून माहितगार मुखत्यारामार्फत (त्याच्या वतीने अधिकार दिलेल्या माणसामार्फत) द्यावा. कोर्ट मुखत्यारालाच प्रश्न विचारू शकतं, तेव्हा नुसता सही करणारा भाचा पाठवू नका.

नादारी मंजूर झाली म्हणजे फी माफ झाली असं नाही. दावा हरला तर ती भरावी लागते. जिंकला तर कोर्ट सांगेल त्या पक्षाकडून वसूल होते. नादारी नाकारली तर फी भरायला मुदत मागा. त्या मुदतीत भरली, तर दावा मूळ अर्जाच्या तारखेलाच दाखल झाला असं धरलं जातं.

ही तारीख जपायची, कारण बेकायदा कैदेच्या भरपाईचा दावा लावायची मुदत, कैद संपल्यापासून, अवघं एक वर्ष आहे. दुसऱ्या प्रकरणात कैदी आतच असला, तरी तेवढ्यावर ती वाढत नाही. सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते; तेवढा काळ मुदतीतून वगळला जातो. त्यासाठी नोटिशीची पोच जपून ठेवा.