युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा नव्या गेम्सचा शो बघताय? मग असा बघा

जूनमधल्या पॅसिफिक वेळेत, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेत, साडेबारा तास मिळवायचे. म्हणजे तिकडे दुपारी १२ ला सुरू झालेला शो आपल्या परभणीत रात्री १२:३० ला. लाइटीचा भरवसा नाही, मोबाइल संध्याकाळीच चार्ज करा.

ट्रेलर लागला की कोपऱ्यातली बारीक अक्षरं आधी वाचा. खरा गेमप्ले (खेळताना गेम दिसतो तसा) आहे की नुसतं सिनेमॅटिक (वेगळा बनवलेला फिल्मी व्हिडिओ), ते तिथंच कळतं. २०१२ च्या ई-थ्री या गेम्सच्या मेळ्यात युबिसॉफ्टनं ‘वॉच डॉग्ज’ हा गेम दाखवला तेव्हा पाऊस, ओला रस्ता, दिव्यांचा उजेड बघून सगळे येडे झाले होते. २०१४ ला गेम आला तो त्यामानानं फिकाच. याचा मला अजून राग आहे. म्हणून गड्यांनो, ग्रुपवर खुशाल नाचा, पण त्या रात्री प्री-ऑर्डर करू नका. रिव्ह्यू येऊ द्या.