पेनड्राइव्ह रिकामा, तरी मोठी फाइल जात नाही?
३२ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हमध्ये ५ जीबीचा व्हिडिओ जात नसेल आणि ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येत असेल, तर पेनड्राइव्ह बिघडलेला नाही. तो फॅट३२ या फाइली साठवण्याच्या पद्धतीत (फाइल सिस्टीममध्ये) फॉरमॅट केलेला असणार. या पद्धतीत फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटच असतात, म्हणून एक फाइल ४ जीबीच्या आतच लागते. विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये खात्री करा. आतला डेटा आधी दुसरीकडे कॉपी करा, तिथे तो उघडतोय ना हेही बघा. फॉरमॅट केल्यावर सगळं जातं. मग ‘फॉरमॅट’मध्ये एक्सफॅट ही पद्धत निवडा, तिच्यात ४ जीबीची ही मर्यादा नाही. असा पेनड्राइव्ह मॅकवरही चालतो, काही जुने टीव्ही मात्र तो वाचत नाहीत. आणि काढताना ‘इजेक्ट’ कराच, कारण एक्सफॅटमध्ये अर्धवट राहिलेलं लिखाण सावरणारं जर्नल (बदलांची नोंदवही) नसतं.