फळीवरचा शंटिंग लेआउट: आखणी कशी करावी

भिंतीलगतच्या अरुंद फळीवर मॉडेल रेल्वेतील एखाद्या कारखान्याची साइडिंग, म्हणजे मुख्य मार्गातून फुटणारा बाजूचा रूळ, उभारायची आणि गाड्या गोल फिरवत बसण्याऐवजी वाघिणी एकेक करून ठरलेल्या जागी नेऊन लावायच्या, हे शंटिंग लेआउटचे स्वरूप आहे. जागा थोडी असल्यामुळे तिच्यात जास्तीत जास्त रूळ बसवण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि बहुतेक आराखडे तिथेच फसतात. असा लेआउट किती काळ रंगेल हे दोन गोष्टी ठरवतात: इंजिनाला मागेपुढे सरकायला मिळणारी लांबी आणि वाघिणी उभ्या करण्याच्या ठरावीक जागांची संख्या. म्हणून आखणीची सुरुवात पेन्सिलीने न करता मोजपट्टीने करावी.

प्रथम प्रमाण निश्चित करावे. एचओ प्रमाण 1:87 असून त्यात दोन रुळांमधील अंतर 16.5 मिमी असते. एन प्रमाण 1:160 असून तेच अंतर 9 मिमी असते. एचओमध्ये चाळीस फुटी मालवाघीण कप्लिंगसह, म्हणजे वाघिणी एकमेकींना जोडणाऱ्या आकड्यांसह, सुमारे 16 सेंमी, पन्नास फुटी सुमारे 20 सेंमी आणि लहान चार आसांचे शंटिंग इंजिन सुमारे 16 सेंमी भरते. एन प्रमाणात हे आकडे जवळपास निम्म्यावर येतात, परंतु इतक्या लहान वाघिणींचे कप्लिंग हाताने सोडवणे जिकिरीचे होते. ज्या लेआउटवर जोडणे आणि सोडणे हेच मुख्य काम आहे, तिथे जागा परवडत असल्यास मी एचओच निवडेन. खोक्यावर छापलेल्या लांबीवर मात्र विसंबू नये. आपल्याकडील पाच वाघिणी टेबलावर जोडून, थोड्या ताणून, पहिल्या कप्लिंगपासून शेवटच्या कप्लिंगपर्यंत मोजाव्यात, कारण कप्लिंगमधली सैल जागा पाच वाघिणींत मिळून लक्षात येण्याइतकी होते.

आता हे आकडे एका परिचित आराखड्यात घालून पाहू. अ‍ॅलन राइट या ब्रिटिश मॉडेलकारांच्या ‘इंगलनुक सायडिंग्ज’ या आराखड्यात केवळ दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड) आणि तीन साइडिंग असतात. लांब साइडिंगवर पाच आणि उरलेल्या दोन्हींवर प्रत्येकी तीन वाघिणी मावतात. एकूण वाघिणी आठ असतात. त्यांतील पाच वाघिणी चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने लांब साइडिंगवर उभ्या करायच्या, एवढाच नियम आहे. तरीही आठांतून पाचांचे 6,720 वेगवेगळे क्रम तयार होतात. यात इंजिन ज्या रुळावर माघार घेते त्या शंटिंग नेकवर इंजिन आणि तीन वाघिणी मावल्या पाहिजेत, म्हणजे 16 अधिक 48 मिळून 64 सेंमी. पुढे मध्यम आकाराच्या सांध्यासाठी 22 सेंमी धरावेत. सांध्यानंतर शेजारच्या रुळावरची वाघीण घासणार नाही इतके अंतर पडेपर्यंत आणखी सुमारे 10 सेंमी सोडावे लागतात. तिथेच फाउलिंग मार्क येतो. त्यापलीकडे पाच वाघिणींचे 80 सेंमी. बेरीज 176 सेंमी होते, म्हणजे रुळाच्या टोकाला गाडी अडवणाऱ्या बफरसह 180 सेंमीची फळी पुरते, आणि तीही जेमतेमच. दुसऱ्या सांध्यातून निघणाऱ्या साइडिंगची बेरीज 166 सेंमी येत असल्याने तिथे चिंता नाही.

शंटिंग नेकच्या बाबतीत काटकसर करू नये. माझ्या पहिल्या फळीवर मी नेकची लांबी वाघिणींच्या छापील मापांवरून काढली होती. इंजिन बफरला टेकले, तरी तिसऱ्या वाघिणीचे शेवटचे चाक सांध्याच्या सरकत्या पट्ट्यांवरच राहिले, आणि चाक तिथे असताना सांधा बदलता येत नाही. कमतरता जेमतेम एका सेंटिमीटरची होती, पण तिच्यामुळे नेकची क्षमता तीन वाघिणींवरून दोनवर आली आणि पाच मिनिटांच्या कामाला वीस मिनिटे लागू लागली. तेव्हापासून मी नेकच्या हिशेबात चार-पाच सेंटिमीटर जास्तीचे धरतो. फळी लांब करणे शक्यच नसेल, तर नेकपुरता रूळ एका सुट्या, अरुंद पट्टीवर बसवून खेळताना ती फळीच्या टोकाला जोडावी. त्या पट्टीवर देखावा नसला तरी बिघडत नाही. उलट वाघिणी हाताने बदलून ‘बाहेरून आलेली गाडी’ तयार करण्यासाठी तीच जागा उपयोगी पडते.

सर्व साइडिंग एकाच दिशेला उघडत असतील, तर इंजिन नेहमी वाघिणींच्या एकाच बाजूला राहते आणि काम सरळ चालते. एखादी साइडिंग उलट दिशेला उघडली की वाघिणीच्या दुसऱ्या टोकाला जाण्यासाठी इंजिनाला वळसा घालावा लागतो. म्हणजे लूप, अर्थात दोन्ही टोकांना मूळ रुळाला जोडलेला समांतर रूळ हवा, त्यासाठी आणखी दोन सांधे हवेत आणि त्या लूपच्या टोकापलीकडे निदान एका इंजिनाएवढा रूळ हवा. लूपमध्ये किती वाघिणी मावतात हे दोन फाउलिंग मार्कांमधील अंतरावरून मोजावे, सांध्यांमधील अंतरावरून नव्हे. दोन मीटरपेक्षा लहान फळीवर लूप घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकी मॉडेलकार जॉन अ‍ॅलन यांच्या ‘टाइमसेव्हर’ या पाच सांध्यांच्या आराखड्याची अनेकांना भुरळ पडते. घड्याळ लावून स्पर्धा खेळण्यासाठी तो उत्तम आहे, मात्र कारखान्याची साइडिंग अशी कोणी बांधत नाही, कारण प्रत्यक्ष रेल्वेला शंटिंगचा वेळ वाचवायचा असतो, वाढवायचा नसतो.

रूळ न वाढवता काम वाढवण्याचा मार्ग कारखान्यातून जातो. तीन साइडिंगांवर तीन छोटे उद्योग मांडण्याऐवजी एक मोठा उद्योग घ्यावा आणि त्याच्या प्रत्येक रुळावर निश्चित जागा नेमाव्यात. कागद कारखान्याचे उदाहरण घेऊ. लगद्याचे गठ्ठे बंद वाघिणीतून एका दारापाशी उतरतात. रसायनाची टाकी-वाघीण नळजोडणीच्या ठिकाणीच उभी राहिली पाहिजे. तयार कागदाची रिळे मालधक्क्यावरच्या दुसऱ्या दारातून भरली जातात. एकाच रुळावर या तीन जागा ओळीने असतील, तर शेवटच्या दारापाशी असलेली भरलेली वाघीण काढण्यासाठी आधी पुढची टाकी-वाघीण बाहेर ओढावी लागते आणि तिचे काम अर्धवट असल्यास ती परत नळापाशी नेऊन लावावी लागते. दोन सांध्यांच्या फळीवर यातून अर्ध्या तासाचे काम सहज निघते. दारांमधील अंतर मात्र वाघिणीच्या कप्लिंगसह लांबीइतके ठेवावे, नाहीतर जोडलेल्या दोन वाघिणी एकाच वेळी आपापल्या दारासमोर येणार नाहीत.

करवत हाती घेण्यापूर्वी पूर्ण मापाची चाचणी घ्यावी. काही रूळ-उत्पादक आपल्या सांध्यांचे खऱ्या मापाचे कागदी नमुने देतात. ते छापून जाड कागदाच्या पट्टीवर चिकटवावेत, इमारतींच्या जागी खोके ठेवावेत आणि खऱ्या वाघिणी हाताने सरकवत कामाची एक पूर्ण पाळी करून पाहावी. वाघीण कुठे घासते, हात कुठे अडखळतो आणि कोणते दार दिसत नाही, हे संगणकावरच्या आराखड्यापेक्षा इथे लवकर कळते. उंच इमारती मागे, भिंतीला चिकटवून आणि केवळ दर्शनी भागापुरत्या कराव्यात. पुढच्या कडेला कुंपणापेक्षा उंच काही नसावे. 30 ते 40 सेंमी रुंदी पुरेशी होते आणि फळी साधारण छातीच्या उंचीवर असल्यास कप्लिंग नीट दिसतात.

विजेच्या बाबतीत एकच आग्रह धरावा. सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो फ्रॉग विद्युतप्रवाह असलेला निवडावा. आखूड इंजिन मंद गतीने निर्जीव फ्रॉगवरून जाताना हमखास थांबते आणि शंटिंगमध्ये गती सदैव मंदच असते.

वाघिणी जिथे जोडायच्या वा सोडायच्या तो रूळ सरळ असावा, कारण वळणावर दोन कप्लिंग समोरासमोर येत नाहीत. तसेच फळी पातळीत हवी. चांगल्या धातूच्या चाकांच्या वाघिणी डोळ्यांना न जाणवणाऱ्या उतारावरूनही घरंगळतात, म्हणून रूळ ठोकण्यापूर्वी स्पिरिट लेव्हल फळीच्या लांबीतून आणि रुंदीतूनही ठेवून पाहावी. त्यानंतरही एखादी वाघीण दारासमोर थांबत नसेल, तर ब्रशचे दोन-तीन नरम केस रुळांच्या मधोमध उभे चिकटवावेत. ते आसाला हलकेच अडवतात आणि इंजिनाला अडथळा होत नाही.