मत्स्यटाकीचा संप आणि स्टँड : आखणी खालून वर

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात ‘संप’ म्हटले की अंगणातील जमिनीखालची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर येते, आणि वर्तमानपत्रात तोच शब्द कामगारांनी काम बंद ठेवल्याची बातमी सांगतो. मत्स्यटाकीचा संप या दोन्हींहून वेगळा आहे. मुख्य टाकीखाली, स्टँडच्या पोटात ठेवलेली ती एक लहान काचेची टाकी असते. वरचे पाणी ओव्हरफ्लोवाटे, म्हणजे जादा पाणी खाली सोडणाऱ्या पेटीतून आणि नळीतून, स्वतःच्या वजनाने तिच्यात उतरते, गाळणी आणि जिवाणूंचे घर असलेले सिरॅमिकचे तुकडे यांतून पुढे सरकते आणि शेवटच्या कप्प्यातील पंप ते पुन्हा वर चढवतो. यामुळे एकूण पाणी वाढते, वरच्या टाकीची पातळी स्थिर राहते आणि हीटरसारख्या वस्तू नजरेआड जातात.

बहुतेक जण आधी टाकी आणतात, मग तिच्या मापाचा स्टँड करून घेतात आणि शेवटी उरलेल्या जागेत बसेल तेवढा संप शोधतात. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा आहे. टाकीचे माप कागदावर ठरले की आधी संप आखावा, संपावरून स्टँडची उंची काढावी आणि मगच काच कापायला द्यावी. माझ्या पहिल्या स्टँडच्या वेळी मी वेल्डिंगवाल्याला आराखडा न देता केवळ बाहेरची मापे सांगितली होती. त्याने मजबुतीसाठी समोर मधोमध एक पाय जोडून दिला आणि ८० सेंमी लांबीचा संप काही केल्या आत जाईना. तो पाय कापून वरची पट्टी बदलावी लागली, आणि त्यात चूक माझीच होती.

उदाहरणासाठी १२० × ४५ × ५० सेंमीची टाकी घेऊ. काच १० मि.मी. जाडीची धरली आणि पाणी काठाखाली ५ सेंमी ठेवले, तर टाकीत सुमारे २३० लिटर पाणी मावते. नुसत्या काचेचे वजन जवळपास ५५ किलो भरते; वाळू, दगड, संप, त्यातील पाणी आणि खुद्द स्टँड मिळून जमिनीवर ४५० ते ५०० किलोंचा भार येतो. जुन्या वाड्यांतील लाकडी तुळयांच्या माडीवर हा भार ठेवू नये. तळमजल्यावरील शहाबादी किंवा कडप्पा फरशी चालते. मात्र स्टँडचे चार पाय थेट फरशीवर टेकवण्याऐवजी खालूनही चौकट द्यावी, म्हणजे भार पसरतो.

आता संप. ८० × ३५ × ४० सेंमीचा संप घेऊन त्याचे तीन कप्पे करावेत. पहिल्यात गाळणीचा स्पंज, दुसऱ्यात सिरॅमिक आणि हीटर, तिसऱ्यात पंप. तिसरा कप्पा २५ सेंमी लांब असावा. पहिल्या दोन कप्प्यांची पातळी मधल्या काचेच्या पडद्यामुळे २५ सेंमीवर राहते आणि पंपाच्या कप्प्यात पाणी २० सेंमीपर्यंत भरावे. बाष्पीभवनाने घटणारे पाणी फक्त याच शेवटच्या कप्प्यातून घटते. दिवसाला २ लिटर उडाले तर तेथील पातळी दोन सेंमीहून अधिक खाली येते. म्हणूनच हीटर तेथे ठेवू नये, कारण तो उघडा पडून तडकू शकतो. डिसेंबर-जानेवारीत बेळगावचा रात्रीचा पारा १५ अंशांच्या खालीही उतरतो, त्यामुळे उष्ण प्रदेशातील मासे पाळणाऱ्याला हीटरवाचून गत्यंतर नाही.

संपाच्या आखणीचा खरा कस वीज गेल्यावर लागतो, आणि वळवाच्या पावसात आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे वेगळे सांगायला नको. पंप थांबला तरी ओव्हरफ्लोच्या पेटीच्या काठावरील दात्यांवरचे पाणी खाली वाहतच राहते. बाहेरच्या मापांनी हिशेब केला तर आपल्या टाकीत १ सेंमी पातळी म्हणजे ५.४ लिटर. दात्यांपर्यंत ३ सेंमी पाणी उतरले तर सुमारे १६ लिटर, आणि नळ्यांतील व ओव्हरफ्लोच्या पेटीतील ४ लिटर धरले तर २० लिटर पाणी संपात येते. संपात त्यासाठी साधारण ४६ लिटरची मोकळी जागा आहे, म्हणजे भरपूर झाली असे वाटते. पण वर पाणी सोडणाऱ्या नळीचे तोंड पृष्ठभागाखाली ८ सेंमी बुडालेले असेल, तर तीच नळी वक्रनलिकेसारखी उलटी काम करते आणि तोंड उघडे पडेपर्यंत ४३ लिटर पाणी खाली ओढते. नळ्यांतले ४ लिटर मिळवा. बेरीज ४७ होते आणि पाणी फरशीवर येते. म्हणून नळीचे तोंड पृष्ठभागाखाली २ ते ३ सेंमीच ठेवावे आणि पृष्ठभागाच्या किंचित खाली नळीला एक बारीक छिद्र पाडावे, म्हणजे पातळी उतरताच त्यातून हवा शिरून ओढ तुटते. हे छिद्र शेवाळाने बुजते, तेव्हा दर आठवड्याला काडीने साफ करावे. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या एकेरी झडपेवर मात्र विसंबू नये. तिच्यात गाळ अडकला की ती पूर्ण मिटत नाही.

दुसरी बाजूही तपासावी. उतरती नळी गोगलगायीने किंवा पानाने बुजली आणि पंप चालूच राहिला, तर तो शेवटच्या कप्प्यातले १७ लिटर पाणीच वर चढवू शकेल. वरची पातळी सव्वातीन सेंमी वाढेल आणि काठाखाली ठेवलेल्या ५ सेंमीत ती मावेल. पंपाचा कप्पा ‘जरा मोठाच बरा’ म्हणून वाढवणाऱ्यांचा हा हिशेब चुकतो. तरीही २५ मि.मी.ची मुख्य नळी आणि तिच्यापेक्षा थोड्या उंच तोंडाची तेवढीच दुसरी, एरवी कोरडी राहणारी नळी अशी जोडी द्यावी. या नळ्यांसाठी टाकीला छिद्रे पाडण्यापूर्वी तळाची काच टफन (तापवून कडक) केलेली नाही याची खात्री करावी, कारण तशी काच भोक पाडताना फुटून चुरा होते.

स्टँडची उंची आता आपोआप निघते. खालची चौकट ४, प्लायवूड २, थर्मोकोल १, संप ४०, गाळणी काढण्यासाठी हात जाईल अशी २५, वरची चौकट ८ आणि तिच्यावरचे प्लायवूड २ सेंमी. एकूण ८२ सेंमी. हाताची २५ सेंमी जागा कमी करण्याचा मोह आवरावा.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे या भागांत पाइप कापून वेल्डिंग करून देणारे कारागीर मिळतात. समोर मधला पाय नको असल्यास वरच्या पट्टीकडे लक्ष द्यावे. ४० मि.मी.चा चौकोनी, २ मि.मी. जाड पाइप एवढ्या लांबीवर सुमारे २ मि.मी. वाकतो, तर ८० × ४० मि.मी.चा, २.५ मि.मी. जाड पाइप उभ्या बाजूने लावल्यास अर्ध्या मि.मी.हूनही कमी वाकतो. पायांना ४० मि.मी. पुरे. वेल्डिंगची जागा घासून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि त्यावर ऑइल पेंट द्यावा. प्लायवूड आय. एस. ७१० हा, पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचा, शिक्का पाहूनच घ्यावे. साधे प्लायवूड एका पावसाळ्यात फुगते. सागाचा स्टँड दिसायला देखणा होतो हे खरे, पण त्याचे सांधे जमणारा सुतार हाताशी असेल तरच त्या वाटेला जावे.

पंप निवडताना खोक्यावरचा आकडा पाहून भुलू नये. आपल्याला टाकीच्या चौपट, म्हणजे तासाला ९०० ते १००० लिटर प्रवाह हवा आहे, आणि पाणी एक मीटरहून थोडे अधिक चढवायचे आहे. कमाल २.५ मीटर उंची गाठणारा, तासाला २००० लिटरचा पंप या कामी बेताचा ठरतो. विजेच्या तारा बोर्डाकडे जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन न्याव्यात, बोर्ड संपाच्या वर नसावा आणि त्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी., म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा.

स्टँड जागेवर ठेवल्यावर दोन्ही दिशांनी पाणसळ लावावी. जुन्या घरांत फरशीला मोरीकडे उतार असतो, तेव्हा पातळी वरच्या प्लायवूडखाली फळ्या सारून नव्हे, तर खालच्या चौकटीखाली पोलादी पट्ट्या देऊन साधावी. संपाचे पडदे चिकटवलेले सिलिकॉन एक आठवडा वाळू द्यावे. मग माशांशिवाय पाणी भरून पंप चालू करावा आणि पातळी स्थिरावल्यावर मेन स्विच बंद करावा. संपातले पाणी चढायचे थांबले की ते काठाखाली किती राहिले ते मोजावे. आपल्या मापांत ९ सेंमीच्या आसपास उरायला हवे. पंप पुन्हा सुरू करून शेवटच्या कप्प्यातली पातळी स्थिर झाली की तेथे बाहेरून रंगीत चिकटपट्टी लावावी, आणि घरात पाणी भरण्याचे काम ज्याच्याकडे असेल त्याला ती दाखवून ठेवावी.