वानरांच्या टोळीचा अभ्यास: वही कशी भरावी

लेमूर, म्हणजे वानरांचे लांबचे भाऊबंद, बघायला मादागास्कर बेट गाठावं लागतं, आणि त्यांचं बरंचसं बोलणं वासाचं. ते वहीत सापडत नाही. विदर्भातल्या गावकुसावरचं काळतोंडं वानर त्या मानानं सोपं. अभ्यासाची रीत तीच.

टोळी रात्री कोणत्या वडाचिंचेवर झोपते ते हेरा आणि उजाडायच्या आत वीसेक मीटरवर धुऱ्यावर बसा. डोळ्याला डोळा भिडवू नका, वानराच्या लेखी ती धमकी. शेंगदाणे तर मुळीच नाही; मग टोळी तुमच्याशी वागते, एकमेकांशी नाही.

आधी ओळख पक्की करा: फाटका कान, तुटकं शेपूट, वाकडं बोट. नवजात पिल्लू काळपट असतं आणि माद्या ते हातोहात फिरवतात. म्हणून पिल्लू जिच्या कडेला ती आई, असं लिहू नका. दूध कुणाचं पितं ते बघा.

अर्ध्या तासाला एकदा टोळीभर नजर फिरवून कोण काय करतंय ते टिपा. मधल्या वेळात एकेका जनावरामागे 10 मिनिटं. कोणतं, हे आधीच चिठ्ठी टाकून ठरवा. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी 1974 मध्ये या पद्धतींची नीट मांडणी केली, ती उगाच नाही. ‘दिसेल ते लिहू’ म्हटलं की वही भांडणांनी भरते आणि उवा काढणं गायब होतं. खरी नाती तिथंच कळतात! कोण कुणाच्या उवा काढतं ते बाणानं दाखवा. पानाआड गेलं तर ‘दिसत नाही’ लिहा, ‘बसलंय’ नाही.

आवाज मोबाइलवर घ्या, पण वेव्ह (WAV) फाइलमध्ये आणि आवाज आपोआप साफ करणारी सोय बंद ठेवून. हुप्याचं ‘हुप-हुप’ वेगळं, धोक्याचं ‘खॉक’ वेगळं. प्रत्येक वेळी चार गोष्टी हव्यात: वेळ, कोण ओरडलं, तोंड कुठं होतं, पुढच्या दोन मिनिटांत काय झालं. गावात ‘खॉक’ कुत्र्यावरही होतं. बिबट दिसला नाही किंवा त्याच्या पंजांचे ठसे मिळाले नाहीत, तर ‘खॉक, तोंड नाल्याकडे’ एवढंच लिहा. चितळ ओरडलं असेल तर आधी कोण, तेही. टेप केलेले आवाज टोळीला ऐकवू नका, आणि वनहद्दीत जायचं तर वनखात्याची परवानगी घ्या.

तूर शेंगेवर आली की वावरात फटाके फुटतात, टोळी विखुरते. त्या दिवसांची पानं वेगळी ठेवा, एरवीच्या सरासरीत मिसळू नका.